पडद्यावरची वीज

पाचवीच्या वर्गात मुलांना वीज काढायला सांगा. आधी काळा ढग होईल आणि मग त्याच्या पोटातून एक पिवळी रेघ बाहेर पडेल. ती सरळ खाली येईल, झटकन मागे वळेल, पुन्हा सरळ खाली येईल आणि टोकाला बाण होऊन थांबेल. डीपीवरच्या धोक्याच्या पाटीत असते तशीच. वळवाच्या पावसात खरी वीज या मुलांनी कितीदा तरी पाहिलेली असते, पण कागदावर उतरते ती पाटीवरची. तशी वीज आकाशातून कधीच पडत नाही.

हल्ली शाळांमधून मुले मोबाइलवर छोटे चित्रपट करू लागली आहेत. कधी स्नेहसंमेलनासाठी, कधी विज्ञान प्रदर्शनासाठी. गोष्ट भुताची असो वा शेतकऱ्याची, एखादी वादळी रात्र तिच्यात येतेच. मग 'सर, वीज कशी दाखवायची?' हा प्रश्न शिक्षकांपुढे येतो. आमच्याकडेही तो याच वाटेने आला. उत्तर शोधू लागलो तेव्हा लक्षात आले, की निदान साडेचारशे वर्षे लोक हाच प्रश्न सोडवत आहेत, आणि ज्याच्या हाती जे साधन होते त्याने आपल्या विजेला त्या साधनाचे रूप दिले आहे. खरी वीज कशी असते हे मात्र त्या मानाने फार उशिरा कळले.

कारखानदाराची शंका

झेड अक्षरासारख्या विजेवर जाहीर आक्षेप घेणारे गृहस्थ चित्रकार नव्हते, हवामानशास्त्रज्ञही नव्हते. जेम्स नॅस्मिथ हे ब्रिटनमधले कारखानदार. वाफेच्या हातोड्याचे शोधक म्हणून त्यांचे नाव यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत येते. १८५६ साली चेल्टनहॅम येथे ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन भरले, तेथे त्यांनी विजेच्या आकाराविषयी एक छोटे टिपण सादर केले. चित्रकार काढतात तशी कोनाकोनांची वीज आपल्याला आकाशात कधी आढळलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ही चूक कोठून आली असावी, याबद्दल त्यांनी केलेला तर्कही मोठा मार्मिक आहे. त्यांनी बोट दाखवले ते प्राचीन ग्रीक मूर्तिकारांनी देवराजाच्या हातात दिलेल्या वज्राकडे. मूर्तीच्या मुठीत मावणारी, छिन्नीने घडवता येणारी वीज टोकदार आणि कोनदार होणारच. पुढे चित्रकारांनी आकाशाऐवजी मूर्तीकडे पाहून वीज काढली.

पण वाद मिटणार कसा? दोन्ही बाजूंकडे पुरावा एकच, आपापल्या डोळ्यांचा. आणि वीज डोळ्यांसमोर सेकंदाचा काही अंशच असते. एवढ्यात डोळा आकार टिपतो तो अर्धामुर्धा, उरलेला भाग मन आपल्या ओळखीच्या चित्रांनी भरून काढते.

काचेवर उतरलेली वीज

विजेचे छायाचित्र घेणे अवघड का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. मुले म्हणतात, 'वीज फार जलद असते, बटण दाबेपर्यंत संपते.' बरोबर आहे. पण बटण दाबायचेच नसते. काळोख्या रात्री कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवून वाट पाहत बसायचे. वीज चमकली की ती आपल्याच उजेडाने आपली छाप काचेवर उठवते. मग शटर बंद करायचे. युक्ती इतकी सोपी असताना उशीर का झाला? अडचण काचेची होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वापरात असलेली कलोडियनची काच ओली असतानाच वापरावी लागे. ती काही मिनिटांत वाळे आणि निकामी होई. विजेची वाट पाहत बसणे तिला परवडणारे नव्हते. १८७०नंतरच्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचा निघाल्या. त्या आधीच्यांपेक्षा संवेदनशील होत्या आणि कितीही वेळ वाट पाहू शकत.

अशा काचा घेऊन अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात विल्यम जेनिंग्स हे हौशी छायाचित्रकार वादळांच्या मागे लागले आणि १८८२च्या सप्टेंबरात त्यांना यश आले. विजेची पहिली उल्लेखनीय छायाचित्रे म्हणून त्यांच्या कामाचा उल्लेख होतो. काचेवर झेड नव्हता. वाकडीतिकडी, बारीक बारीक वळणे घेत जाणारी, मधूनमधून फांद्या फुटलेली एक रेघ होती. नकाशात गोदावरी दिसते तशी म्हणा ना. नॅस्मिथ बरोबर ठरले.

मग कॅमेऱ्याने दुसरी गोष्टही सांगितली. १८८९ साली इंग्लंडमध्ये हॉफर्ट यांनी कॅमेरा हातात धरून तो आडवा हलवत ठेवला. वीज एकदाच चमकली असती तर एकच रेघ उमटली असती. उमटल्या मात्र एकाच आकाराच्या अनेक रेघा, शेजारी शेजारी. म्हणजे आपण जिला 'एक वीज' म्हणतो ती एकाच वाटेने पाठोपाठ गेलेल्या अनेक विजांची माळ असते. वीज लुकलुकल्यासारखी दिसते ती यामुळेच.

या प्रयोगाला शिस्त लावली चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी. साबणाच्या फुग्यांवरच्या पुस्तकामुळे ते शिक्षकांना ठाऊक असतील. १९०० साली त्यांनी एक कॅमेरा बनवला. त्यात दोन भिंगे एका चकतीवर समोरासमोर बसवलेली असून ती वेगाने फिरत. दोन्ही भिंगांतली चित्रे परस्परविरुद्ध दिशांना सरकतात, आणि त्यांची तुलना केली की विजेचा कोणता भाग आधी उजळला व कोणता नंतर, हे कळते. बॉइज यांनी हा कॅमेरा वर्षानुवर्षे बाळगला, पण मनाजोगे चित्र मिळायला १९२८ साल उजाडले, तेही अमेरिकेत. त्याचे खरे चीज झाले १९३०नंतर दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गच्या पठारावर उन्हाळ्यात गडगडाटी वादळांची रेलचेल असते. तेथे बेसिल शोनलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने विजेची जन्मकथाच वाचून काढली.

ती थोडक्यात अशी. ढगातून प्रथम एक मंद वाटाड्या उतरतो. त्याला लीडर म्हणतात. तो सलग येत नाही. साधारण ५० मीटरची एक पायरी उतरतो, सेकंदाच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतका थबकतो आणि पुढची पायरी उतरतो. फांद्या फुटतात त्या याच प्रवासात. जमिनीपर्यंत यायला त्याला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. वाट पूर्ण झाली की जमिनीकडून ढगाकडे लखलखाट धावत जातो. याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ एकतृतीयांश असतो. आपण पाहतो तो उजेड याचा. नंतर त्याच वाटेने तीन-चार वेळा तरी पुन्हा फटका जातो, दोन फटक्यांत सेकंदाचा सुमारे विसावा भाग जातो. या मागच्या फटक्यांना सहसा फांद्या नसतात, कारण वाट आता तयार असते. मुलांच्या चित्रपटासाठी ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

राळ, पत्रा आणि कार्बनच्या कांड्या

शास्त्रज्ञ वाट पाहू शकतात. नाटकवाल्यांना मात्र तिसऱ्या अंकात ठरल्या वाक्याला वीज हवी असते. इटालियन वास्तुशास्त्रज्ञ सेबास्तियानो सेर्लिओ यांच्या १५४५ साली छापलेल्या ग्रंथात रंगमंचावरच्या विजेची कृती दिलेली आहे. पडद्यामागे उंचावर एक माणूस बसवायचा. त्याच्या हातात भोके पाडलेल्या झाकणाची एक डबी, आत राळेसारखी ज्वालाग्राही पूड, झाकणाच्या मध्यावर पेटती मेणबत्ती. हात वर झटकला की पूड ज्योतीतून उडते आणि भप्पकन उजेड होतो. गडगडाटासाठी माळ्यावरून दगडी गोळा घरंगळत सोडायचा. पुढे लोखंडाचा पातळ पत्रा टांगून तो हलवण्याची पद्धत आली आणि ती आजही टिकून आहे.

एक गोष्ट पाहा. सेर्लिओंच्या या कृतीत विजेची रेघ नाही, नुसता उजेड आहे. आमच्या मते नाटकवाल्यांनी इथे चित्रकारांपेक्षा अधिक नेमके निरीक्षण केले. वादळात शंभरातल्या कितीतरी विजा आपल्याला रेघ म्हणून दिसतच नाहीत. ढगाचे पोट उजळते, भिंत पांढरी होते, माणसांचे चेहरे क्षणभर कोरल्यासारखे दिसतात.

विजेने वीज दाखवणे जमले ते कार्बन आर्कमुळे. कार्बनच्या दोन कांड्या टेकवून जरा दूर केल्या की मधल्या फटीत डोळे दिपवणारा प्रकाशाचा झोत पेटतो. जत्रेतल्या तंबूत ज्यांनी सिनेमा पाहिला आहे, त्यांना प्रोजेक्टरच्या पोटातल्या या कांड्या आठवत असतील. १८४९ साली पॅरिसच्या ऑपेरात आर्कचा दिवा लावून सूर्योदय दाखवला गेला. सूर्य झाल्यावर वीज फार दूर नव्हती. कांड्या क्षणभर टेकवून विलग केल्या की झाले. चित्रपटांच्या स्टुडिओंनी हीच कल्पना उचलली. कात्रीसारख्या दांड्यांवर कार्बनच्या जाड कांड्यांचे जुडगे बसवलेले असे, कामगार दांड्या मिटे-उघडे आणि सेटवर वीज चमके.

छायाचित्रकारांकडे फ्लॅशचा दिवा असताना इतका खटाटोप का, असे कोणी विचारील. याचे उत्तर शटरमध्ये आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या गतीने चालतो. प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सेकंदाचा चोविसावा भाग येतो, पण त्यातला साधारण निम्मा वेळ शटर बंद असते, कारण तेवढ्यात फिल्म पुढे सरकवायची असते. फ्लॅशचा उजेड सेकंदाचा हजारावा भाग टिकतो. तो नेमका शटर बंद असताना पडला तर पडद्यावर काहीच उमटत नाही. आर्कचा भपका तीन-चार फ्रेमना पुरून उरतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्याची गंमत आणखी वेगळी. त्याचा संवेदक एक फ्रेम एकदम वाचत नाही. तो ओळीओळीने वरून खाली वाचत जातो. फ्लॅश किंवा खरी वीज मध्येच चमकली तर फ्रेमचा काही पट्टा उजळतो आणि उरलेला काळा राहतो. मुले ही फ्रेम 'बिघडली' म्हणून काढून टाकतात. त्यांनी ती आधी नीट पाहावी असे आम्ही सुचवू. बॉइज यांनी फिरत्या भिंगांनी जे साधले, त्याचाच हा एक ओबडधोबड नातेवाईक आहे. उजळलेल्या पट्ट्याची रुंदी काळ मोजत असते.

खुर्चीतले टेस्ला

विजेच्या खोट्या चित्रांत सर्वांत गाजलेले चित्र चित्रकाराचे नाही, एका थोर संशोधकाचे आहे. निकोला टेस्ला १८९९च्या मे महिन्यापासून जानेवारी १९००पर्यंत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे उच्च दाबाच्या विजेचे प्रयोग करत होते. जून १९००मध्ये 'सेंच्युरी' मासिकात त्यांचा लेख छापून आला. त्यासोबतच्या छायाचित्रांमुळे वाचक थक्क झाले. प्रयोगशाळेत विजेच्या लोळांचे जाळे पसरले आहे आणि त्याखाली टेस्ला लाकडी खुर्चीत शांत बसले आहेत! हे छायाचित्र आजही पाठ्यपुस्तकांत आणि भिंतींवर दिसते.

ते डबल एक्स्पोजर आहे. डिकन्सन ॲली या छायाचित्रकाराने आधी काळोखात लोळांचा ठसा काचेवर घेतला, आणि लोळ बंद असताना टेस्लांना खुर्चीत बसवून त्याच काचेवर त्यांचा. टेस्लांनी स्वतःच्या टिपणांत हे लपवलेले नाही. लोळ चालू असताना तेथे माणूस बसवलेला नव्हता, हे ते स्पष्ट लिहितात. दुसरे असे, की शटर उघडे असताना एकामागून एक सुटलेले असंख्य लोळ त्या एकाच काचेवर जमा झाले आहेत. एका क्षणी इतके लोळ डोळ्यांना कधीच दिसले नसते. म्हणजे प्रत्येक लोळ खरा, माणूस खरा, जागा खरी, तरी प्रसंग खोटा. छायाचित्र म्हणजे पुरावा असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

टेस्लांच्या नावाची ती कॉइल पुढे थेट चित्रपटात गेली. १९३१ साली 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटासाठी केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी कडकडणाऱ्या ठिणग्यांची यंत्रे उभी केली. वादळी रात्र, वर चढवलेला टेबल, विजेचा कडकडाट आणि जिवंत होणारा राक्षस हे दृश्य तेव्हापासून जगाच्या डोक्यात पक्के बसले. मूळ कादंबरी मेरी शेली यांची, १८१८ सालची. तिच्यात वीज येते ती एका ओकच्या झाडाच्या चिंधड्या उडवणारी. राक्षस विजेच्या लोळाने जिवंत झाला असे काही तिच्यात नाही. ती करामत पडद्याची. स्ट्रिकफॅडन यांची तीच यंत्रे १९७४ सालच्या 'यंग फ्रँकेन्स्टाइन' या विनोदी चित्रपटात पुन्हा वापरली गेली. त्रेचाळीस वर्षांनंतरही प्रेक्षकांची विजेची कल्पना बदललेली नव्हती!

टाचणी आणि फिल्म

हौशी मंडळींकडे ना टेस्ला कॉइल, ना आर्कचे दिवे. १९३२ साली कोडॅकने ८ मिलिमीटरची स्वस्त फिल्म बाजारात आणली आणि घरगुती चित्रपटांचे युग सुरू झाले. त्यांची युक्ती साधी होती. धुतलेल्या फिल्मवरचा रासायनिक थर काळोख्या भागात टाचणीने खरवडला की तेथून प्रोजेक्टरचा प्रकाश आरपार जातो आणि पडद्यावर लख्ख पांढरी रेघ उमटते. फ्रेमची रुंदी पाच मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा काम भिंगाखाली करायचे. याच खरवडण्यातून कॅनडाचे नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी १९५५ साली 'ब्लिंकिटी ब्लँक' हा संपूर्ण लघुपट केला.

मोठ्या स्टुडिओंतही तत्त्व हेच होते. फक्त रेघा वेगळ्या कागदावर काढून नंतर चित्रावर चढवल्या जात. १९८५च्या 'बॅक टू द फ्यूचर'मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावर पडणारी वीज अशीच हाताने रेखाटलेली आहे. (त्या चित्रपटातला '१.२१ गिगावॅट'चा संवाद प्रसिद्ध आहे. दहावीच्या वर्गाला विचारावे: हे ऊर्जेचे माप आहे की ऊर्जा खर्च होण्याच्या दराचे? विजेच्या एका चमकेची एकूण ऊर्जा साधारण एक गिगाज्यूलच्या घरात धरली तर ती सुमारे २८० युनिट भरते. लखलखाट एवढा मोठा आणि बिल दोन-तीन महिन्यांचे! सारा थाट आहे तो ही ऊर्जा अत्यल्प वेळात मोकळी होण्याचा.)

आज टाचणीची जागा संगणकाने घेतली आहे. रेघ काढण्याचा नियम मात्र जुन्या छायाचित्रांतूनच आला. १९६८ साली हिल या शास्त्रज्ञांनी विजेच्या छायाचित्रांतल्या वळणांचे कोन मोजले. विजेची वाट लहान लहान तुकड्यांची मानली तर प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यापासून सरासरी सुमारे १६ अंशांनी वळलेला असतो, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. १९९४ साली रीड आणि वायव्हिल यांनी हाच आकडा घेऊन संगणकावर वीज काढली, आणि ती विलक्षण खरी दिसली. झेडमध्ये रेघ शंभराहून अधिक अंशांनी मागे वळते. या १६ आणि १०० अंशांतच सगळे अंतर आहे.

संगणक नसला तरी बिघडत नाही. आम्ही हे कोनमापक आणि फाशाने करून पाहिले. काळ्या कागदावर खडूने एक सेंटिमीटरची रेघ खाली काढा. फासा टाका. १, २, ३ पडले तर अनुक्रमे ५, १३, ३० अंश डावीकडे वळा. ४, ५, ६ पडले तर तेवढेच उजवीकडे. (सरासरी काढून पाहा, १६ येते.) रेघ उभ्या दिशेपासून ४५ अंशांहून अधिक ढळू लागली तर फाशाची दिशा उलटी धरा. ही सोय आमची, हिल यांची नव्हे. प्रत्येक तुकड्यानंतर फासा पुन्हा टाका आणि सहा आले तर तेथून एक बारीक फांदी काढा, खालच्या दिशेने. वीस-पंचवीस तुकड्यांत अशी वीज तयार होते की मुले स्वतःच्या पहिल्या चित्राकडे पाहून हसू लागतात. या कागदाचा फोटो काढून तो मोबाइलमधल्या संकलनाच्या ॲपमध्ये रात्रीच्या दृश्यावर चढवायचा.

आता फ्रेमचा हिशेब. दोन फटक्यांमधला सेकंदाचा विसावा भाग म्हणजे २४च्या गतीने जेमतेम सव्वा फ्रेम. लीडरचा सारा प्रवास तर अर्ध्या फ्रेममध्ये आटोपतो. म्हणून वीज सापासारखी सरपटत खाली येताना दाखवली की ती खोटी वाटते. पहिल्याच फ्रेममध्ये पूर्ण वीज फांद्यांसह हवी आणि आकाश, घरे, चेहरे सगळे उजळलेले हवेत. दुसऱ्या फ्रेममध्ये ती विझत आलेली. तिसऱ्यात नुसती मुख्य रेघ, फांद्या पुसून. चौथी काळी. पाचवीत पुन्हा मुख्य रेघ, जरा मंद. मग काळोख. एवढे पुरे, आणि लगेच दुसरी वीज नको.

लगेच नको म्हणण्यामागे एक घटना आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या मुलांच्या मालिकेचा एक भाग दाखवला गेला. पिकाचू हे पात्र विजेचा हल्ला करते त्या दृश्यात लाल आणि निळे रंग सेकंदाला बारा वेळा आळीपाळीने लखलखत होते. सहाशेहून अधिक लोकांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. काहींना झटके आले होते. प्रकाशाच्या लुकलुकण्याने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा पडदा लखलखू देऊ नये, असा संकेत आता सर्वत्र पाळला जातो. शाळेच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर चित्रपट दाखवताना तर हे पाहायलाच हवे.

दुसरा इशारा ठिणग्यांचा. खरी ठिणगी चित्रित करण्याचा मोह मोठ्या मुलांना होतो. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या नादात अनेकांचे प्राण गेले आहेत. वेल्डिंगच्या आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तरी डोळे भाजतात. हे शाळेत नकोच. काळ्या कागदासमोर, अंधाऱ्या खोलीत, गॅस पेटवायच्या लायटरची ठिणगी मोबाइलच्या मंदगतीने चित्रित करावी. लायटर टोकांजवळ बोटे न नेता धरावा आणि आसपास गॅस नसावा. ठिणगी काही मिलिमीटरची असते, पण तिचा वेडावाकडा आकार तोच.

आवाज कधी?

रेघ, उजेड, फांद्या यांतल्या चुका शेवटी डोळ्यांच्या चुका. पडद्याने रूढ केलेली एक चूक मात्र आम्हाला खरोखर खटकते. चित्रपटात वीज चमकते त्याच क्षणी ती कडाडते. प्रत्यक्षात आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. चमक आणि कडकडाट एकदम आले, याचा अर्थ वीज अगदी अंगाशी पडली. मग त्या दृश्यातला नायक संवाद म्हणत उभा राहिला नसता. आणि तो उभा असतो बहुधा झाडाखाली. नायिका, गाणे, पाऊस, झाड ही चौकडी हिंदी-मराठी चित्रपटांत इतक्या वेळा आली आहे, की पाऊस आला की झाड गाठावे हे वेगळे शिकवावेच लागत नाही.

भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात. त्यांत शेतात राबणारी आणि झाडाच्या आसऱ्याला गेलेली बरीच असतात. आपल्याकडे वळीव आणि परतीचा पाऊस, त्यातही दुपारनंतरची वेळ, ही विजेची ठरलेली वेळ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. पण ज्याच्या खिशात मोबाइल नाही त्याच्याकडेही एक साधन असते, ते म्हणजे चमक आणि आवाज यांमधले आकडे मोजणे. तीस सेकंदांच्या आत कडकडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हाच पक्क्या घरात जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे. पुढची वीज मागच्या विजेइतकीच दूर पडेल असे काही नसते.

हे साधन चित्रपट हिरावून घेतो, आणि मुलांचा चित्रपट ते परत देऊ शकतो. त्यासाठी जास्तीचा खर्च नाही. आवाजाची पट्टी संकलनात थोडी उजवीकडे सरकवायची. एका किलोमीटरला ७२ फ्रेम या हिशेबाने वीज तीन किलोमीटरवर असेल तर २१६ फ्रेम. जवळच्या विजेसाठी कोरडा कडाका लावायचा आणि लांबच्या विजेसाठी घुमत जाणारा गडगडाट, कारण विजेची वाट काही किलोमीटर लांब असते आणि तिच्या दूरच्या टोकाचा आवाज उशिरा पोहोचतो. २१६ फ्रेम म्हणजे पडद्यावरची नऊ सेकंदांची शांतता. संकलन करणारी मुले तिला घाबरतात, मध्ये संगीत घालू पाहतात. घालू देऊ नये. त्या नऊ सेकंदांत शेताच्या बांधावरचे आजोबा बोटांवर आकडे मोजतील, आंब्याखाली उभ्या नातवाला हाक मारतील आणि दोघे घराकडे चालू लागतील. मग कडकडाट.